एकशे चौदावं कार्ड

४ मे
...मग रॉयसचे दोन सदरे दोरीवरून काढले, घडी करून कपाटात ठेवले, कोंबड्या शेजारणीकडे पोचवल्या आणि दाराला कुलूप लावलं. माझा नवरा जाऊन तीन वर्षं झाली, पण सदरे मी अजून धुते. दुपारी बसनं पेलिकन पॉइंटला उतरले. डॉल्फिनचं केंद्र धक्क्यावरच आहे, माझी खोली वरच्या मजल्यावर, खिडकीखाली पाणी. एकसष्टाव्या वर्षी नोकरी लागली म्हणून मी बसमध्ये एकटीच हसत होते. डॉल्फिनबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं गावच्या वाचनालयातलं. तेवढं पुरेल, असं मॅक्सीनबाई म्हणाल्या. त्या इथल्या मुख्य.

११ मे
काम आवडलं. हॉलिस बोट नेतो, मॅक्सीनबाई फोटो काढतात. पाठीवरच्या पराची कड प्रत्येकाची वेगळी, त्यावरून मी ओळख पटवायची. प्रत्येकाचं एक कार्ड: क्रमांक, नाव, जखमा, तारखा. खाली दोन सह्या, कारण एका नजरेवर इथं विश्वास ठेवत नाहीत. कार्डांच्या लाकडी पेटीत वर्षांची धूळ होती. मधेमधे कोरे लाल पुठ्ठे अडकलेले, तेही काढून टाकले. हॉलिस म्हणाला, बाई, तुम्ही आल्यापासून इथं चहा सांडायचीसुद्धा भीती वाटते.

१९ मे
नेटीला पिल्लू झालं. आईच्या कुशीला चिकटून पोहतंय, अंगावरच्या घड्या अजून उलगडलेल्या नाहीत. मी त्याचं कार्ड केलं. पेटीत एकशे चौदाची जागा मोकळी होती, तीच दिली. मोकळी जागा मला बघवत नाही. मॅक्सीनबाई उन्हातून दमून आल्या होत्या, न बघता सही करून गेल्या.

३ जून
पिल्लाच्या डाव्या कुशीवर दातांचे तीन ओरखडे. दांडगट नरांचं काम, मॅक्सीनबाई म्हणाल्या. कार्डावर नोंदलं.

१० जून
पराच्या टोकाला खाच पडली. जेवताना हॉलिसला सांगितलं. त्यानं क्रमांक विचारला आणि हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, लाल पुठ्ठा मेलेल्याचा असतो, बाई. ती जागा कुणाला देत नाहीत. हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?
नाही सांगितलं.
मेलेल्यांची पेटी जिन्याखाली आहे. जुनं एकशे चौदा काढलं. तेही नेटीच्याच पिल्लाचं, पाच वर्षांपूर्वीचं. ३ जून, डाव्या कुशीवर तीन ओरखडे. १० जून, पराच्या टोकाला खाच. १७ जून, पाठीवर बोटीच्या पंख्याचं पातं. २४ जून, शेपटीला गळाचा दोरा, मृत.
मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

१२ जून
मॅक्सीनबाईंना दोन्ही कार्डं दाखवली. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट वाटलं. म्हणाल्या, अर्डिथबाई, या खाडीत सगळ्याच पिल्लांना असल्या जखमा होतात. क्रमांक वर्षअखेरीस बदलू. तोवर हात लावू नका, नाहीतर सगळ्या नोंदींवर शंका येईल.

१७ जून
पाठीवर पातं लागलं. हॉलिस शपथेवर सांगतो, सकाळपासून खाडीत एकही बोट नव्हती.

१८ जून
हात लावला. ११४ खोडून २३१ लिहिलं.

१९ जून
कार्डावर ११४. माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत. खोडल्याची खूण नाही.

२० जून
हॉलिस आणि मी दिवसभर आकड्यानं गळाचे दोरे ओढत होतो. तिवरांच्या मुळांतून तीन बादल्या निघाल्या. तो एकदाच बोलला. म्हणाला, शेपटी एकच आहे, बाई, आणि तिला एकच दोरा पुरतो.

२१ जून
पाण्यात माईक सोडला. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची शीळ असते, तेच त्याचं नाव. नेटी हाका मारत होती. पिल्लानं ओ दिली. मॅक्सीनबाईंनी जुन्या फिती काढून ताडून पाहिलं. शीळ मेलेल्याची होती. आज त्यांनीच विचारलं, आता काय करायचं —

२२ जून
कार्ड जाळलं. जेवून आले तर पेटीत होतं.
क्रमांक बदलत नाही. पण नाव खोडलं ते दुपारभर खोडलेलं राहिलं. जागा कोरीच ठेवली म्हणून संध्याकाळी परत उमटलं. तिथं कुणाचं तरी नाव हवंय.

२३ जून
लाकडाच्या ओंडक्याचं नाव लिहून पाहिलं. बोटीचं. मेलेल्या माशाचं. रॉयसचंही — देवा, क्षमा कर. एकही टिकलं नाही.
जिवंत हवंय.
पिल्लू दुपारी धक्क्याशी आलं होतं. आईला ढुशा देत — पाच आठवड्यांचं —

२४ जून
सकाळी सातला 'नेटीचं पिल्लू' खोडलं, माझं नाव लिहिलं, सही केली. कार्डाचा वरचा भाग झाकून मॅक्सीनबाईंची सही घेतली. नाव टिकलं.
नऊ वाजता हॉलिसचा बोटीवरून निरोप. दोरा पिल्लाच्या शेपटीला लागला होता, आपोआप सुटला. दूध पितंय. बरं वाटलं.
खोलीत आले. दार लावलंय, जमीन कोरडी आहे. घोट्याला काहीतरी ओलं, बारीक — दोनदा गुंडाळलेलं. कात्री टेबलावर आहे. उठते आहे, पण ते खिडकीकडे ओढ