एक डोळा उघडा

३ डिसेंबर २०१८
पहाटे पुन्हा जमीन हलली. मांडणीवरची भांडी खडखडली. सगळे अंगणात. आणि अशात मयूरीचं काय, तर — 'आई, उद्यापासून तुम्हीही योगाला बसा.'
सून होऊन दोन वर्षं झाली, अजून पत्ता लागू देत नाही मनाचा. चिंचणीची, मासळीवाल्यांची मुलगी. तुषारने स्वतःच जमवलेलं. तो वापीला कंपनीत, घरी फक्त रविवारी. आणि ही आमच्या चिकूच्या वाडीत रोज सकाळी बायका गोळा करून योगा शिकवते! फुकट. फुकट कोण कुणाला काय देतं?
म्हणे तुमचं बीपी वाढलंय, डॉक्टरांनी सांगितलंय. मला तर डॉक्टरांनी नुसती गोळी दिली. माझ्यामागे हिला काय काय सांगितलं?

४ डिसेंबर
बसले. लक्ष ठेवायला.
वाकता येईना. मांडी घातली तर गुडघा आभाळाकडे! शेजारची हिरकणी माझ्याच वयाची, तिचं डोकं गुडघ्याला टेकतं. माझ्याकडे बघून हसली. आता पोटऱ्यांत गोळे आलेत, ओटा चढवत नाही.
शेवटी सगळ्यांना चटईवर उताणं झोपवलं. 'डोळे मिटा, अंग सैल सोडा.' का मिटायचे? मी एक डोळा उघडा ठेवला. बाकीच्या मढ्यासारख्या पडलेल्या — आणि मयूरी मोबाइलमध्ये. काहीतरी वाचलं. तोंड उतरलं. ओढणीने डोळे पुसले, आणि लगेच गोड आवाजात, 'हळूच कुशीवर वळा.'
काहीतरी आहे.

६ डिसेंबर
बाजारात जाते म्हणून गेली ती दुपार टळल्यावर आली. पिशवी रिकामी. 'मिळालं नाही काही,' म्हणते. डहाणूच्या बाजारात काही मिळालं नाही!

११ डिसेंबर
हिरकणी सांगत होती, 'तुझी सून गुरुवारी तलासरीच्या एसटीत होती गं.'
तलासरीला आमचं कोण?

१३ डिसेंबर
गुरुवार. पुन्हा गेली.

१७ डिसेंबर
भुजंगासन जमलं. जमलं म्हणजे — छाती जमिनीपासून सुटली. मयूरीने पाठीवर हात ठेवला. 'छान, आई. श्वास कोंडून धरू नका.' हात उबदार आहे पोरीचा. पण गोड बोलणाऱ्यापासूनच जपावं.
झोप बरी लागते हल्ली. ते तिला सांगणार नाही.

२३ डिसेंबर
तुषार आला होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं — बायकोचं लक्षण ठीक नाही, लक्ष ठेव. हसला. 'जाऊ दे गं आई. तिलाही जरा मोकळीक हवी ना.' किती भोळा! असा समजूतदार नवरा मिळून हिचे हे उद्योग. जाताना चिकूची पेटी घेऊन गेला, मित्रांसाठी.

३ जानेवारी २०१९
तिच्या मागोमाग मीही गेले. ती एसटीत, मी मागच्या जीपमध्ये, तोंडावर पदर ओढून.
तलासरीला हायवेजवळ चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसली होती. पुरुष नव्हता. एक तरुण बाई. पोटुशी, दिवस भरत आलेले. दोघी हातात हात घेऊन बसलेल्या, डोळे सुजलेले.
मी तडक पुढे. 'कोण गं ही?'
मयूरी पांढरीफटक. 'आई, घरी चला. मी सांगते सगळं.'
ती बाई माझ्याकडे निरखून बघत होती. पोट सावरत उठली, वाकून पायाला हात लावला. 'तमे तुषारनां मम्मी ने? फोटामां जोया छे.' तुषारच्या आई ना, फोटोत बघितलंय म्हणे.
गळ्यात मंगळसूत्र.

४ जानेवारी
आज जमीन हलली म्हणे. मला कळलं नाही.

५ जानेवारी
मयूरीने सांगितलं. तुषारने वापीला त्या बाईशी देवळात लग्न केलंय. माझं लग्न झालेलं नाही, म्हणाला तिला. आई आजारी आहे, बरी झाली की घरी नेतो, म्हणाला. तिला त्याच्या फोनमध्ये मयूरीचा फोटो दिसला. तिने नंबर शोधून मयूरीलाच फोन लावला.
'मला का नाही सांगितलंस?'
'डॉक्टर म्हणाले, आईंचं बीपी आधी खाली येऊ दे. म्हणून योगाला बसवलं तुम्हाला. तपासणी झाली की सांगणारच होते.'
'आणि तुझं कोण बघत होतं?'
बीपीची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.
तरी मन म्हणतं — खोटं असेल. त्या बाईने रचलं असेल, ही भुलली असेल. शेवटी तुषारला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, 'आई, तुला कोणी सांगितलं?'
एवढंच. हे खोटं आहे, असं म्हणाला नाही.

६ जानेवारी
तुषार आला. ओट्यावर बसून बोलत होता — चूक झाली, निस्तरतो, दोघींना नीट ठेवीन. दोघींना! मयूरी दारात उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी बॅग भरून माहेरी गेली. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवू?
ती वळणापार गेली तसा तुषार म्हणतो, 'बघ, तूच म्हणायचीस ना, हिचं लक्षण ठीक नाही.'
त्याला जेवायला वाढत होते. तशीच डाव खाली ठेवून उठले.

८ जानेवारी
तुषार कामावर गेलाच नव्हता. त्याला घराबाहेर काढलं. म्हटलं, जिच्या पोटात तुझं मूल आहे तिच्याकडे जा, आणि तिला तरी खरं सांग. इथे यायचं नाही. त्याला वाटलं, मी रागात बोलतेय. त्याचे कपडे मीच ओट्यावर आणून ठेवले.
मग चिंचणीची एसटी धरली. मयूरी आईबरोबर अंगणात बोंबील वाळत घालत होती. मला बघून उठली नाही.
'चल घरी. तुषार गेला.'
'कोण म्हणून येऊ, आई?'
'आई म्हणतेस ना? मग लेक म्हणून ये.'
आत गेली. बराच वेळ झाला. मी अंगणातच उभी. बाहेर आली तेव्हा हातात बॅग होती.