पुढची खोली आणि मधली फळी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिडं शिवण्याचा, मुक्काम माझ्या स्वतःच्या अडतीस फुटी शिडाच्या बोटीवर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे धाकटे दीर पहिली शंका तिथेच काढतील. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारी सगळी मंडळी आपापल्या घरी आहेत आणि तिथेच राहोत. याआधीची माझी दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहिते आहे, पण या वेळी विचार करून.

कलम १. शहरातलं दोन खोल्यांचं घर आणि बँकेत उरलं असेल ते, माझ्या मुलाला. बोट त्याला नाही. गेल्या वर्षी त्याने मला तोंडावर सांगितलं, "आई, तुझ्यानंतर बोट धक्क्याला कायमची बांधून टाकू. खोल्या भाड्याने देऊ. लोक हल्ली असल्या जागांसाठी वेडे होतात." बाळा, बावीस वर्षं मी लोकांना या बोटीवर फुकट ठेवून घेतलं. वेडं कोण होतं ते मला पक्कं माहीत आहे.

कलम २. शिवणाचं मोठं मशीन, सुयांचा डबा आणि जाड कापडातून सुई रेटताना तळहाताला बांधायचं चामडं, हे सगळं धक्क्यासमोर तंबू शिवणाऱ्या बाईंना. एकवीस वर्षांचा शेजार, पण "एकदा आम्हालाही फिरवून आणा ना" असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

कलम ३. संडासाच्या हातपंपाचा जुना पितळी दांडा, माझ्या धाकट्या दिरांना. पाहुणा बोटीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच मी सांगते, "काम झालं की वीस वेळा हापसायचं. मोजून वीस." भाऊजी पडले इंजिनियर. म्हणाले, "वहिनी, दहा पुरेत. मागचं तत्त्व समजून घ्या." तिसऱ्या दिवशी तत्त्व वर आलं. ते माझ्या पतीने, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाने, हातमोजे घालून उपसलं, आणि तेवढा वेळ भाऊजी वर बसून मला वारा कसा वाहतो ते शिकवत होते. चार दिवसांसाठी आले होते, एकोणीस राहिले. दांडा घासून दिवाणखान्यात लावावा. शोभून दिसेल.

कलम ४. पाहुण्यांची वही माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना. चौदा वर्षांपूर्वीचं पान त्यांनी उघडावं. त्यांच्याच अक्षरात आहे: "वहिनीने सगळ्यात चांगली खोली दिली, राणीसारखं ठेवलं."

वन्सं, आता खरं ऐका.

बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला एक खोली आहे. रुंद बिछाना, डोक्यावर काचेची खिडकी, स्वतःचं दार. बोट धक्क्याला उभी असताना ती खोली बघून पाहुणे हरखून जातात. पण समुद्रात गेल्यावर सगळ्यात जास्त उसळतं ते हेच टोक. तिथे झोपलेला माणूस लाटेगणिक गादीवरून उचलला जातो आणि परत आपटला जातो. झोपायची खरी जागा म्हणजे मधली फळी. डोलकाठीच्या पायाशी, स्वयंपाकाच्या ओट्यासमोर, दीड हात रुंद. दार नाही, पडदा नाही, जाणारा-येणारा अंगाला घासून जातो. पण बोट कितीही नाचू दे, ती फळी जवळजवळ हलत नाही. बोट चालवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असतं. आमच्या नातलगांपैकी कोणी कधी विचारलं नाही.

तेव्हा जो पाहुणा लवकर परत जावा असं वाटे, त्याला आम्ही मानाने पुढची खोली देत असू. बॅगा उचलता उचलता माझे पती मला हळूच विचारत, "पुढची?" मी म्हणे, "पुढचीच." बहुतेकांना चार दिवस पुरत. भाऊजींसाठी मात्र दोन दिवस मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर बोट हाकावी लागली.

कलम ५. बोट, शिडं, नांगर, दोर आणि आतल्या सगळ्या सामानासह, माझ्या धाकट्या बहिणीला.

ती नर्स. नऊ वर्षांत पहिल्यांदा सलग रजा मिळाली आणि ती माझ्याकडे आली. लहानपणी बस सुटायच्या आधीच तिला मळमळायचं. सगळा प्रवास ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून करायची. म्हणून मी तिला मधली फळी दिली. ती माझी फळी होती. तिच्यासाठी मी वर उघड्यावर झोपणार होते, हे तिला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात, तिला कळेलच असं वाटलं. पुढच्या खोलीत त्या वेळी वन्सं होत्या.

बहिणीने फळीकडे पाहिलं आणि बॅग खालीच ठेवली नाही. "ताई, तुझ्या नणंदेला दाराची खोली आणि मला ही फळी? येता-जाता सगळ्यांनी मला तुडवायचं?"

वन्सं जिन्यावर उभ्या, कान टवकारून. खरं बोलले असते तर त्यांच्यासमोर आमचं बिंग फुटलं असतं. मी म्हणाले, "मिळालंय त्यात झोप. हे हॉटेल नाही."

हे वाक्य माझं आहे. चौदा वर्षं मी ते उलटंपालटं करून पाहते आहे. कुठल्याच बाजूने बरं दिसत नाही.

पुढच्या बंदरात ती उतरली. मागे वळून पाहिलं नाही. माझे पती म्हणाले, "अगं, चार ओळी लिहून टाक तिला." मी म्हणाले, "मी थोरली आहे. तिने आधी लिहावं." सहा वर्षांपूर्वी ते गेले. त्या दिवशी ती आली होती, सगळ्यांच्या मागे उभी होती. मी तिच्यापर्यंत पोचायच्या आत निघून गेली. मला तिची फार आठवण येते. हे वाक्य कायद्यात बसत नाही असं वकील म्हणतात. मी म्हटलं, बसवा.

बोट तिने विकली तरी चालेल. फक्त आधी एकदा समुद्रात न्यावी. एक दिवस पुढच्या खोलीत आडवं व्हावं, दुसऱ्या दिवशी मधल्या फळीवर. मग मला काय बोलायचं ते बोलावं.

कलम ६. इथवर लिहून मी वकिलांना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, हे सगळं त्यांना तुमच्या पश्चातच कळणार ना?" मी पेन खाली ठेवलं. खरंच की. मी मेल्यावर तिने भांडायचं कोणाशी? माझ्या मुलाशी?

शिडं बेतताना कधी एवढी चूक केली नाही. म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत आजच तिच्या पत्त्यावर टपालाने जाईल. बोट तिला माझ्यानंतर मिळेल, पण त्यासाठी तिने थांबून राहू नये. मधल्या फळीवर अंथरूण घातलं आहे. पुढच्या खोलीची अटही मी काढून घेते. पुढच्या खोलीत मी झोपेन.

ठिकाण: बोटीवर, धक्का क्रमांक चार
दिनांक: ११ मार्च २०२४

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार १: (सही) वकील. बाईंनी आमच्यासमोर सही केली. शुद्धीवर होत्या. थोड्या चिडलेल्या होत्या.

साक्षीदार २: (सही) धक्क्यावरचा सुतार. मला या मृत्युपत्रात काही मिळत नाही. फळीवर धुतलेली चादर आहे आणि बाईंची उशी पुढच्या खोलीत नेलेली आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाकीट मीच टपालात टाकलं.