वरची कडी

दादा,

हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, तरी लिहितोय. लढाईच्या त्या वर्षी शिपाई आपल्या कुलपांच्या दुकानात यादी घेऊन आले होते. "ही घरं उघडून द्या." तू म्हणालास, "साहेब, मी कुलपं घरमालकासाठी बनवतो." ते तुला घेऊन गेले. यादी मी पुरी केली. अकरा दारं. शेवटच्या घरात टेबलावरचा चहा अजून गरम होता. हे मी आईलाही सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी आपलं दार सताड उघडं सापडतं. कुलपं बदलून थकलो. बायको होती तेव्हा म्हणायची, "तुम्हीच विसरता." विसरता आलं असतं तर काय हवं होतं!

काल पुन्हा यादी आली. साहेब गोड बोलणारा. "काका, दहा मिनिटांचं तर काम." या वेळी तुझंच वाक्य तोंडातून निघालं. "उद्या बघू," म्हणाला.

आज सकाळी दार बंद होतं.

आता बाहेर बूट वाजताहेत. दादा, दाराची वरची कडी लागलेली आहे. खांदा धरल्यापासून माझा हात तिथवर पोचत नाही. ती नेहमी तूच लावायचास.

तुझा,
उशिरा शहाणा झालेला धाकटा