सुनंदाची बंद केलेली गोळी

९ मे
सुनंदाच्या पोटात आज पुन्हा कळ, उजव्या बाजूनं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. कोलेस्टेरॉलही वाढलेलंच. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बायकोवर भडकलो. "कोहक्याले पोरीकडं जाते तं भजे खाते का तू?"
"वर्षभर बिनतेलाची लौकीची भाजी खाऊन राहिली मी," म्हणाली. एवढं बोलायलेही वेळ लागला तिले.

१२ मे
अ‍ॅडमिट केलं. परवा ऑपरेशन. बाहेर उन्हाची लू चालून राहिली अन् ही स्वेटर घालून बसली. कूलर बंद करा म्हणते. बाजूच्या खाटेवरच्या बाया हसतात. मीही वर्षभर हसलोच. आळशी म्हटलं.

१३ मे
ऑपरेशन रद्द. बेहोशीच्या डॉक्टरनं तिच्या सुजलेल्या पापण्या पाहिल्या, नाडी धरली. "थायरॉइड है क्या?"
"था. ठीक हो गया," मी म्हटलं.
रक्त तपासलं. थायरॉइडचं हार्मोन पार तळाले गेलेलं. अशात भूल दिली तर शुद्धीवर आणणं कठीण, म्हणाले.
दीड वर्षापूर्वी रिपोर्ट नॉर्मल आला होता. मीच म्हटलं, "झालं नं बरं, बंद कर आता गोळी." रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं काढली. तापमानाचा काटा बरोबर दिसतो म्हणून कोणी कूलिंगचं पाणी बंद केलं असतं तं मी त्याले उभा फाडला असता.

१४ मे
मोठ्या डॉक्टरनं कागदावर लिव्हर काढून समजावलं. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताचं आम्ल बनवते. त्याचा हुकूम थायरॉइडच्या हार्मोनकडून येतो. हुकूम कमी पडला की आम्ल कमी, कोलेस्टेरॉल रक्तात तसंच पडून. पित्तातही तेच जास्त, विरघळत नाही. वरून पित्ताचं वाहणंही सुस्त. मग खडे. "सिर्फ इसी से बने, ऐसा नहीं कहूँगा. पर इनके खाने में गलती मत निकालिए."
मग विचारलं, गोळी कोणी बंद केली?
"मैंने ही छोड़ दी," सुनंदा म्हणाली.
मी तिथंच उभा होतो. डॉक्टरचा तो कागद घडी करून खिशात टाकला. 

१७ मे
गोळी सुरू, अगदी बारीक डोस. एकदम जास्त दिली तर हृदयाले झेपणार नाही. असर व्हायले हप्ते लागतील. तोवर खडे गप्प राहतील का, विचारलं. डॉक्टर फाइल पाहत राहिले.

१९ मे
डोळे पिवळे. ताप. एक खडा पित्ताच्या नळीत अडकला. आता थांबताही येत नाही अन् पुरी भूलही देता येत नाही. रायपूरले नेऊन, हलक्या गुंगीत, तोंडातून दुर्बीण टाकून काढायचं ठरलं. त्यातही धोका हायच. आमची पोरगी पल्लवी फॉर्म वाचता वाचता रडली. "मम्मी ने दवा छोड़ी क्यों, पापा?"
पोरीले खरं सांगितलं. तिनं फॉर्म माझ्या हातात दिला अन् खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. 

२० मे
रायपूर. सकाळी खाटेशी वाकून सुनंदाले म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायले पाहिजे होतं. गोळी मी बंद करवली. तू काहून स्वतःवर घेतलं?"
पाहत राहिली माझ्याकडं. ओठ हलले. थांबलो. रागानं बोलत नव्हती की शब्द जुळवून राहिली होती, मले कळलं नाही. तेवढ्यात सिस्टर आली अन् खाट ढकलत आत घेऊन गेली.
एक तास होऊन गेला, दार अजून बंदच.