येत नाही म्हटलेली बोली

४ नोव्हेंबर, मंगळवार

खोटं बोलले. तेही पहिल्याच व्हिडिओ कॉलला.

राखी, वय चोवीस, झरी जामणीकडच्या तांड्यावरची. नवऱ्यानं मारल्यापासून मावशीकडे राहते. मावशीचं नाव जमनी — फोन तीच धरून बसते. मी इकडे यवतमाळला, समुपदेशनाच्या खोलीत, लॅपटॉपसमोर. मावशीनं विचारलं, "मॅडम, तुमाले आमची गोरमाटी बोली समजते का?"

"नाही," म्हणाले.

समजते. बंजाऱ्यांच्या त्याच बोलीत वाढले मी. पांढरकवड्याजवळचा आमचा तांडा सोडून शिकायला आले, हॉस्टेलच्या मुली माझ्या बोलण्याला हसल्या, तेव्हापासून ती तोंडातून काढली नाही. लग्नानंतर आडनाव बदललं — बरंच वाटलं. आज पुन्हा तेच. क्षणभरही विचार न करता!

११ नोव्हेंबर

राखी मराठीत मोजकंच बोलते. "झोप लागते मॅडम. जेवन जाते." मग मावशीकडे वळून आमच्या बोलीत — दाराला खाट लावल्याशिवाय डोळा लागत नाही म्हणून. मी चेहरा कोरा ठेवून ऐकत बसले.

१८ नोव्हेंबर

हे लिहायचं जिवावर आलंय.

कापसाची वेचणी सुरू झाली म्हणून शनिवारी नवरा न्यायला येणार. तांड्याचा कारभार बघणारे नाईकही म्हणाले, पाठवून द्या. राखी जाते म्हणते. मी विचारलं, त्या घरात भरवशाचं कोण आहे? फॉर्ममध्ये तसा रकानाच आहे.

"दीर हाय. शाम."

आणि लगेच मावशीला, आमच्या बोलीत — नवरा शेतात गेला की शामच खोलीत येतो. दोनदा आला. तोंड दाबून धरलं.

ऐकलं मी. शब्द न् शब्द. काही बोलले असते तर माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून टाईप केलं : भरवशाची व्यक्ती — दीर, शाम.

या बोटांनी.

१९ नोव्हेंबर

नाव खोडलं. खोडून काय होतं? शनिवारला तीन दिवस उरलेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आपणहून कॉल लावला. आमच्या बोलीत बोलले, वीस वर्षांनी, अडखळत. म्हटलं, मला सगळं समजत होतं. शामचंही. मी खोटं बोलले, राखी. तू जाऊ नकोस.

ती मराठीतच — "आता सांगून राह्यल्या?"

फोन बंद. पुन्हा लावला, उचलला नाही.

केंद्राच्या मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं. "केस दुसरीकडे द्यावी लागेल," म्हणाल्या. बरोबरच आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जमनी मावशीचा फोन. राखी गेली नाही. नवऱ्याला दारातूनच परत पाठवलं. सोमवारी दोघी पोलीस ठाण्यात जाणार, शामचं नाव घ्यायला.

मी माफी मागायला लागले. तिनं थांबवलं. "तू धावजीची पोरगी. तुह्या बापाचंच तोंड. पयल्याच दिवशी वळखलं मी, राखीलेबी सांगतलं."

"मग ती तुमच्याशी आपल्या बोलीत—"

"राखी माह्याशी कायले बोलीन? मले तं सारं ठाऊकच होतं. ते तुलेच सांगून राह्यली होती."