रिकाम्या हाताचा बॉल

मंगळवार, दारव्हा

सानियाचं मनगट सॉफ्टबॉल खालून सोडताना अजून बाहेर वळून राह्यलं. रविवारी संघाची निवड आहे. म्हणून आज बॉल माह्या खिशात ठेवला आन् म्हटलं, "बेटा, डोळे मिट. नुसता हात फिरव, मनगट मांडीजवळ सोड."

समोर कडूलिंबाले कापसाचं पोतं टांगलं होतं, रोजच्यासारखंच. तिनं हात फिरवला. पोत्यावर धप्प आवाज झाला, पोतं हललं. वारा असन? पण वाऱ्यानं पोत्याले खड्डा कायले पडन?

मी खिसा चाचपला. बॉल खिशातच होता.

"सर, आता बराबर सुटला का?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

पुन्हा खिसा चाचपला. बॉल तिथंच होता. सुटला तं बराबरच होता.

मी हो म्हटलं.