न वाजणारी सायकल

अण्णा,

तुमची सायकल नीट करायला मला काय पडलं ते आधी सांगतो. टायर, रंग, सुटे भाग हा खर्च मी धरत नाही, तो धंद्यात मुरून जातो. पण पावसाळा संपल्यापासूनचे सगळे रविवार गेले. उजव्या अंगठ्याचं नख गेलं. बायकोने आठवडाभर अबोला धरला, कारण भाचीच्या साखरपुड्याला मी नखात ग्रीस घेऊन गेलो होतो. आणि सगळं झाल्यावर, आईच्या एका वाक्यात, तुमच्यावरचा चाळीस वर्षांचा राग गेला. राग गेला म्हणजे मी सुटलो, असं वाटेल. तसं झालेलं नाही. मी त्या रागावरच उभा होतो, अण्णा. आता पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही.

अंबरनाथची आपली चाळ पाडणार आहेत. खोली रिकामी करायला गेलो तेव्हा जिन्याखाली पोत्यांच्या मागे तुमची सायकल निघाली. तशी काही दुर्मीळ वस्तू नाही. कारखान्यातून हजारांनी बाहेर पडलेली साध्या स्टीलची रेसर. तुमच्या फॅक्टरीतले एक साहेब बदली होऊन निघाले, मुलाची सायकल कुठे न्यायची म्हणून तुम्हाला देऊन गेले. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल, गिअरचे दोन छोटे दांडे. चाळीतली आम्ही सगळी पोरं तिच्याभोवती उभी, आणि तुम्ही पहिल्याच रविवारी तिला संसाराला लावलीत. हँडल उलटं फिरवून शिंगं वर केलीत. दूधवाल्याच्या सायकलीला असतं तसं जाड कॅरिअर ठोकलंत. डबल स्टँड लावलात. कुठल्यातरी भलत्याच सायकलीचं मडगार्ड आणून तारेने आवळलंत, आणि गिअर एकाच जागी अडकवून दांडे काढून टाकलेत. समोरच्या खोलीतले काका म्हणाले, "अहो, हा तर शर्यतीचा घोडा भाजीच्या गाडीला जुंपलात." सगळे हसले. तुम्ही मान डोलावलीत. ते मडगार्ड पहिल्या दिवसापासून वाजायला लागलं, खड्ड्यात तर वाजायचंच, सपाट रस्त्यावरही. चेनच्या लयीत, खडखड, मधे एक टण्, पुन्हा खडखड. मला त्याची लाज वाटायची. मी मनात म्हणायचो, माणूस दिवसभर कारखान्यात काम करतो आणि स्वतःच्या सायकलीचा एक नट आवळत नाही.

आता माझ्याबद्दल. मी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात आहे. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांची मशीनं दुरुस्त करतो, जुनी घेऊन नवी करून विकतो. हाताखाली माणसं आहेत, बदलापूरला, सोनिवलीच्या बाजूला, फ्लॅट आहे. बाजारात माझं नाव कशामुळे झालं असेल तर कानांमुळे. मी रस्त्यावर स्कूटर उभी करतो आणि आत न जाता सांगतो, कुठल्या रांगेतलं मशीन आजारी आहे. एक सिंधी शेठ आहेत, त्यांना हा खेळ फार आवडतो. नवीन गिऱ्हाईक आलं की मला बोलावून घेतात.

"साईं, अंदर तो आओ, देखो तो सही."

"देखना क्या है, शेठ? खिडकी के पासवाली मशीन का बेअरिंग रो रहा है. उसको पहले बंद करो, फिर चाय मंगाओ."

मग ते त्या गिऱ्हाइकाला सांगतात, "इसके कान में मीटर लगा है." आणि मी दर वेळी म्हणतो, "कान बाप के हैं, शेठ. मीटर उसने लगाया." हे मी इतक्यांदा म्हटलंय की आता ते आपोआप तोंडातून येतं. एका दृष्टीने ते खरंही होतं. दहावीनंतर मी मशीन दुरुस्तीच्या दुकानात एका शेठकडे हेल्पर म्हणून लागलो तेव्हा तुम्ही मला तुमचा लांब स्क्रू-ड्रायव्हर दिलात. मला घेऊन शेजारच्या टेलरच्या मशीनजवळ गेलात, टोक मशीनच्या अंगाला टेकवलंत आणि लाकडी मूठ स्वतःच्या दातांत धरलीत. डोळे मिटून उभे राहिलात. मग तीच मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावून म्हणालात, "असं ऐक. बाहेरून नाही. हाडातून." मशीनच्या पोटातली प्रत्येक दात्याची घसट मला ऐकू आली, आणि मला वाटलं, ह्या माणसाचे कान काय असतील. तो स्क्रू-ड्रायव्हर अजून माझ्या बॅगेत असतो. मुठीवर तुमच्या दातांच्या खुणा आहेत.

तर असे कान असलेला माणूस माझी हाक ऐकू येऊनही थांबला नाही, हा माझा राग होता. तुम्हाला तो दिवस आठवण्याचं काही कारण नाही. दहावी झाली होती. आयटीआयला माझा नंबर लागला होता, आणि वडिलांना घेऊन या, उद्या शेवटचा दिवस, असं तिथल्या क्लार्कने बजावलं होतं. आई धाकटीला घेऊन गावाला गेलेली. संध्याकाळी तुम्ही स्टोव्हपुढे बसून भात टाकताय. स्टोव्ह भडभडतोय. मी दारात उभा आहे, चप्पलसुद्धा काढलेली नाही, आणि म्हणतो, "अण्णा, उद्या माझ्याबरोबर आयटीआयला यायचंय. तुम्ही आला नाहीत तर जागा जाईल." तुम्ही माझ्याकडे बघता आणि मान डोलावता. मला इतका आनंद होतो की मी तुमच्या हातचा तो कच्चा भात दोनदा मागून घेतो.

दुसऱ्या दिवशी मी धुतलेला शर्ट घालून तयार बसलो. तुम्ही डबा भरलात, सायकल काढलीत आणि ड्युटीला निघालात. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबाल. मग मी धावलो. "अण्णा, थांबा. अण्णा, थांबा." चाळीची सगळी गॅलरी बघत होती. तुमची पाठ, ती वर केलेली शिंगं, आणि ते मडगार्ड, खडखड, टण्. वळणावर तुम्ही दिसेनासे झालात, मागे एकदाही न बघता. पुढे कितीतरी दिवस चाळीतली पोरं मला बघितलं की बारीक आवाजात "अण्णा, थांबा" करायची. रात्री तुम्ही परत आल्यावर मी काही विचारलं नाही. तुम्हीही काही सांगितलं नाहीत. आईला मी सांगितलं की मलाच शिकायचं नाही. आठवडाभराने मी त्या शेठच्या दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारत होतो.

खोटं कशाला बोलू, त्या पाठीने मला पुढे पुष्कळ दिलं. आमच्या व्यापारी मंडळाने सत्कार केला तेव्हा मी माईक हातात घेऊन म्हणालो, "माझ्या बापाने मागे वळून बघितलं नाही, म्हणून मी पुढे बघायला शिकलो." टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत होती. तिचं तोंड मला आठवतं, ते जरा उघडं राहिलं होतं. मी समजलो, भरून आलं असेल.

सायकल सापडल्याचं कळल्यावर आई म्हणाली, "नीट कर ना तिला. बरं वाटेल." काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेलीय, दिवसभर बाल्कनीत बसून असते. मी मनावर घेतलं. पण तुमच्यासारखी नीट करायची नाही, कारखान्यातून निघाली तशी करायची, असं ठरवलं. त्यात थोडी खुन्नस होती, आता लिहितोय तर लिहून टाकतो. कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, सगळं काढून भंगारवाल्याला दिलं. गंज खरवडल्यावर खाली मूळचा गडद निळा रंग दिसला, तोच जुळवून घेतला. रंगवाला म्हणाला, "शेठ, इतने में तो नयी आ जाती." मी म्हटलं, "नयी में मेरा बाप नहीं बैठा था ना." तोही हसला, मीही हसलो. गिअर पुन्हा चालू केले. हँडलची शिंगं खाली वळवली. चाकाचे आरे बोटाने छेडून एका सुरात आणले, बेअरिंग नवी घातली, मागच्या फ्रीव्हीलची टिकटिकसुद्धा घट्ट ग्रीस भरून मारली. शेवटी सायकल उलटी करून चाक फिरवलं आणि कान लावला. काहीही नाही. हवा कापल्याचा तेवढा सूर. चाळीस वर्षांनी ती गप्प झाली, आणि ती मी गप्प केली, याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

टेम्पोत घालून बदलापूरला आणली. हॉलमध्ये आईपुढे उभी केली, मागचं चाक उचलून पेडल मारलं.

"काय आणलंयस?" आई म्हणाली.

"अण्णांची सायकल. झाली नीट."

"मग फिरव ना चाक."

"फिरतंय, आई."

"आवाज नाही येत."

"तीच तर कमाल आहे. अख्ख्या उल्हासनगरात कुणाला जमायचं नाही."

तिने हात पुढे केला. हँडल चाचपलं, खाली वळलेलं लागलं तसा हात थांबला. मग मागे गेली, कॅरिअर शोधलं. "ही ह्यांची नाही," म्हणाली. "ह्यांची वाजायची. पाण्याच्या टाकीजवळ आले की कळायचं, मी चहा टाकायचे. कधी उतू गेला नाही."

मी म्हटलं, "ते मडगार्ड वाजायचं, आई. सैल होतं. अण्णांसारख्या कानाच्या माणसाला ते कसं सहन व्हायचं देव जाणे."

"कुठले कान?" आई म्हणाली. "ह्यांना ऐकू कुठे येत होतं."

माझा हात पेडलवरच राहिला. चाक फिरत होतं. मी विचारलं, कधीपासून? ती सांगत होती, सहज, भाजीचा भाव सांगावा तशी. तुम्ही प्रेस शॉपला होता, दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या मशीनांच्या दणक्यात. लग्न झालं तेव्हा एक कान गेलेला होता, माझ्या जन्मानंतर दुसराही जात गेला. फॅक्टरीत कळलं असतं तर मशीनवरून उठवून गेटवर बसवलं असतं, म्हणून तुम्ही कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलंत. ओठ बघून समजून घ्यायचात. समजलं नाही की मान डोलवायचात.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला माहीत नाही हे मला काय माहीत? घरात राहणाऱ्याला घरातलं काय सांगायचं?" मग म्हणाली, "तू सत्काराला असं का बोललास ते मला कळलंच नव्हतं. मी म्हटलं, भाषणात बोलतात असं."

त्या दिवसापासून मी एकेक गोष्ट काढून बघतोय, अण्णा, उघडलेल्या मशीनचे भाग मांडावेत तशी. रेडिओवर तळहात ठेवून बसणारे तुम्ही. दातांतली ती मूठ. शेवटी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर विचारताहेत, छातीत दुखतं का, हातात कळ येते का, जेवलात का, आणि तुम्ही प्रत्येकाला मान डोलावताय. मी शेजारी उभा होतो. मी डॉक्टरांना म्हणालो, ते असेच आहेत, मितभाषी. पण एक भाग काही केल्या कुठे बसत नाही. त्या संध्याकाळी स्टोव्हपुढे तुम्हाला काहीच कळलं नव्हतं, की ओठांवरून थोडं कळलं होतं आणि खाडा परवडणार नव्हता? दोन्ही होऊ शकतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, मी गावाला होते. आता ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. तुमच्यावर पुन्हा नीट रागावता येत नाही, आणि तुम्हाला नीट माफही करता येत नाही, कारण माफ करायला आधी काही झालेलं असावं लागतं.

भंगारवाल्याकडे गेलो होतो. तुमचं मडगार्ड केव्हाच वितळायला गेलं. दुसरं जुनं आणलं, तारेने बांधलं, सैल केलं, खाली पुठ्ठ्याचा तुकडा घातला, काढला. आई बाल्कनीत बसलेली, मी खाली बिल्डिंगभोवती चकरा मारतोय, छप्पन्न वर्षांचा माणूस, वॉचमन बघतोय. वर आलो की ती म्हणते, "जवळ आलंय. पण तो नाही." मला ते खडखड आणि टण् पाठ आहे. हाताने करता येत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमचा फोटो आहे त्या कपाटात राहील. तुम्ही असताना चार ओळी कागदावर लिहून तुमच्यापुढे धरल्या असत्या, तर त्या दिवशी तुम्ही बहुतेक आला असता. आपली धाकटी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आता वांगणीला असते. काल तिला फोन करून सांगितलं, अगं, अण्णा बहिरे होते, तुला माहीत होतं का? मला वाटलं, ती रडेल. ती गोंधळली.

"दादा, असं काय विचारतोस? मी आधी त्यांची बाही ओढायचे, मग बोलायचे. तू दारातूनच बोलायचास."

माझी दहावी झाली तेव्हा ती पहिलीत होती.